आर्तिबोनितच्या काठी

मिर्लांद हैतीची. जर्मनीत डार्मश्टाटला विद्यापीठाच्या मेन्सात, म्हणजे खानावळीत, भांडी धुवायची. जर्मन नवऱ्याबरोबर आली होती. नवरा पुढे दुसरीकडे गेला, ही तिसऱ्या मजल्यावर राहिली. खाली साधना, पुण्याची. दोघींचं जर्मन सारखंच मोडकं, त्यामुळे जमायचं.

दर एक जानेवारीला मिर्लांद लाल भोपळ्याचं सूप मोठं पातेलंभर करायची आणि जिन्यातल्या प्रत्येक दारी वाडगा द्यायची. पूर्वी म्हणे गुलामांनी हे सूप शिजवायचं आणि फ्रेंच मालकांनी प्यायचं. ज्या दिवशी देश स्वतंत्र झाला, त्या दिवशी सगळ्यांनी ते प्यायलं. साधनाचा नवरा श्रीरंग म्हणायचा, "आपण पंधरा ऑगस्टला जिलबी खातो, तसंच." त्याला मिरची कमी वाटायची.

स्वातंत्र्यानं घरात नळ मात्र आणला नव्हता. मिर्लांदचं लहानपण टेकडीवर बादल्या चढवण्यात गेलं. आई कोळशाच्या शेगडीवर केळी तळून रस्त्यावर विकायची. म्हातारपणीही विकत होती.

दोन हजार दहाच्या जानेवारीत, सूपाला बारा दिवस होत नाहीत तोवर, भूकंप झाला. सहा दिवसांनी फोन लागला. आई जिवंत होती, घर नव्हतं. मग ती मैदानात ताडपत्रीच्या तंबूत राहू लागली, हजारो माणसांत. तिला तिथून हलवायचं, हा मिर्लांदनं ध्यासच घेतला. आर्तिबोनित नदीकाठी आईचं माहेर होतं. रोज फोनवर तेच. साधनाही म्हणाली, गावच बरं, माझी आई असती तर मीसुद्धा गावीच धाडली असती. प्लेगात आमची माणसं गावाकडेच पळाली होती, असंही तिनं सांगितलं.

आई तयार नव्हती. इथे पाण्याचा टँकर येतो, तिथे नुसती नदी आहे, असं तिचं म्हणणं. शेवटी मिर्लांद फोनवर रडली, आणि मे महिन्यात आई गेली. त्या संध्याकाळी मिर्लांदनं साधनाकडे केक आणला.

ऑक्टोबरात त्या नदीत कॉलरा आला. देशात तो कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आईला दुपारी जुलाब सुरू झाले. पहाटेपर्यंत ती गेली. शिवायला माणसं घाबरली. अंघोळ नाही, धुतलेला झगा नाही; चुना टाकून पुरली.

मिर्लांद दुसऱ्या दिवशी कामाला गेली.

एक जानेवारीला वाडगा आला नाही. साधनानं दुपारपर्यंत वाट पाहिली. मग घरातला भोपळा अर्धा कापला आणि वर गेली. मिर्लांदनं दार उघडलं. सूपाचं मोठं पातेलं शेगडीवर होतं, वाफ येत होती. साधनाला हायसं वाटलं. जवळ जाऊन पाहिलं, तर नुसतं पाणी उकळत होतं.

इथलं नळाचं पाणी चांगलं असतं, असं साधना बोलून गेली.

"ठाऊक आहे," मिर्लांद म्हणाली. तिनं भोपळा घेतला, ओट्यावर ठेवला, कापला नाही. "तिनं सांगितलं होतं मला, टँकर येतो म्हणून."

साधनाला म्हणायचं होतं, गावी धाड असं मीही सांगितलं होतं तुला. मिर्लांदनं पेल्यात पाणी ओतलं, बशीनं झाकलं आणि निवायला तिच्यापुढे ठेवलं. दोघी पेल्याकडे बघत बसल्या. कोमट झाल्यावर साधनानं ते सगळं प्यायलं.