नवऱ्याची बढती, माझी बदली

आकुर्डीच्या कंपनीत आधी मी लागले, मग आमचे हे. एकोणीसशे सत्तरच्या पुढची ती वर्षं. त्यांचं आधीचं वर्कशॉप बंद पडलं तेव्हा इथला अर्ज मीच आणला, मीच भरला आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. दोघंही एकाच खात्यात, इन्स्पेक्शनला. पंपांचे सुटे भाग मापायचे, पास किंवा रिजेक्ट करायचे. ते काम मला मनापासून आवडायचं. घरात मी काही म्हटलं की त्यावर चार जण चार तऱ्हांनी बोलत. इथे मी लाल खूण केली की पेटी परत जायची, मशीनवाला कितीही ओरडो.

आमचे सुपरवायझर निवृत्त झाले आणि त्यांची जागा खात्यातूनच भरणार अशी नोटीस लागली. आम्ही दोघांनीही अर्ज केले.

"कोणालाही मिळू दे, पैसे घरातच येणार," हे म्हणाले.

मला ते तेव्हाच खटकलं. पैसे घरात येणार होते, पण जागा एकाचीच होती.

कामाची परीक्षा झाली. तिच्यात मी पहिली आले, हे परीक्षा घेणाऱ्या साहेबांनीच मला सांगितलं. मुलाखतीत मात्र मापाचा एकही प्रश्न आला नाही.

"बाई, सेकंड शिफ्टचं काय करणार तुम्ही?"

कायद्याने बायकांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात थांबता येत नसे, आणि सुपरवायझरला पाळीपाळीने दोन्ही शिफ्ट कराव्या लागत. मी तयारीनेच गेले होते. म्हटलं, "मला कायम फर्स्ट द्या. दुसरे सुपरवायझर सेकंड घ्यायला तयार आहेत, मी विचारलंय. त्यांना सकाळी शेतावर जाता येतं."

"आणि मशीनवाले ऐकतील तुमचं?"

"आत्ताही ऐकतात."

साहेब हसले. पुढच्या आठवड्यात बोर्डावर यांचं नाव लागलं.

मला हेवा वाटला, आणि तोही नवऱ्याचा. शेजारणीच्या साडीचा हेवा चारचौघींत बोलून तरी दाखवता येतो. नवऱ्याला बढती मिळाली म्हणून तोंड पाडून बसलेल्या बाईने कोणाकडे जायचं? मी पेढे आणले आणि खात्यात वाटले. माझ्या शेजारच्या टेबलावर आकुर्डी गावातलीच एक बाई होती, जिभेने तिखट. पेढा तोंडात टाकत ती म्हणाली, "काय गं, आता घरीबी सायेबच म्हनायचं का?"

"घरी ते मला साहेब म्हणतात."

"व्हय? मग पेढं त्येंनी वाटायचं. तू का वाटतीस?"

मी पेढ्यांचा पुडा उचलून पुढच्या टेबलाकडे गेले.

सुपरवायझरला पांढरा कोट असे, आम्हाला निळा. तो पांढरा कोट धुवायचा कोणी, हे विचारायची गरजच नव्हती. मी त्याला खळ घालून कडक इस्त्री करायचे, कारण हातात आलेलं काम वाईट करणं मला जमत नाही. गेटवर त्यांना कार्ड पंच करावं लागेना. कँटीनमध्ये त्यांचा चहा कपबशीतून येई, आमचा ग्लासातून. त्या बशीचासुद्धा मला राग यायचा.

आणि मग पत्र आलं. नवऱ्याच्या हाताखाली बायको असू नये असा नियम होता, म्हणून माझी बदली पॅकिंगला. वरची जागा गेलीच होती, आता हातातलं कामही चाललं. मी पर्सोनेलच्या साहेबांना अर्ज दिला. उत्तर आलं नाही म्हणून दुसरा दिला. चौकशीला गेले की कारकून म्हणे, "ताई, साहेबांच्या ट्रेमध्ये आहे."

हे जेवताना म्हणाले, "पॅकिंगला बसून काम असतं गं. पाय तरी दुखणार नाहीत."

"माझे पाय दुखतात असं मी कधी म्हटलं? नियम दोघांना आहे ना? मग तुम्ही जा दुसऱ्या खात्यात. तुम्ही तिथेही सुपरवायझरच राहाल. मी पॅकिंगला खोके बांधेन."

"नुकताच बसलोय त्या जागेवर. कसं दिसेल ते?"

"माझं कसं दिसतंय ते बघा."

माणूस वाईट नव्हता. त्यांना हे असं कोणी आजवर समोर मांडून दाखवलं नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते पर्सोनेलमध्ये गेले. संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, "झालं तुझं काम. मी मशीन शॉपला चाललो, तिथले सुपरवायझर माझ्या जागी येतील. तू आहेस तिथेच राहा."

"काय म्हणाले साहेब?"

"काही नाही. बसा म्हणाले, चहा मागवला. म्हणाले, बायकोला फारच भिता राव तुम्ही. आणि फोन उचलून सांगून टाकलं."

"आणि माझे अर्ज?"

"त्यांचा विषयच निघाला नाही."

माझं टेबल माझ्याकडे राहिलं. मला त्याचा खरोखर आनंद झाला, यांचे आभारही मानले. पण पोळ्या लाटताना डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हे गेले, बसले, चहा प्यायले आणि माझ्या नोकरीचा निकाल लावून आले. बढतीचा हेवा पुढे ओसरला, हा नाही ओसरला. माझे दोन्ही अर्ज त्याच खोलीत मी स्वतः नेऊन दिले होते, आणि दोन्ही वेळा मी उभ्यानेच परत आले होते.