गोजराबाईचा राब

गोजराबाईशी वाद घालावा आणि आपण जिंकावं, हे रिहे गावात अजून कुणाला जमलेलं नाही. तिच्या पोराला, कैलासला, तर नाहीच नाही. जमीन विकू, म्हणून तो वर्षानुवर्षं डोकं फोडत होता. पण वरच्या फार्महाउसची डिझेलची टाकी पाझरली, भाताच्या रोपांचा वाफा नासला आणि सलग दोन वर्षं तिथं आंबेमोहोराचं एक रोप उगवलं नाही, तेव्हा म्हातारी नरमली. यंदाही उगवलं नाही तर विक्रीच्या कागदावर अंगठा देईन, असं तिनं कबूल केलं.

मग पुण्याच्या कॉलेजातली अपेक्षा माती साफ करायचा प्रयोग घेऊन आली. वाफ्याच्या दोन कडांना सळया रोवून तिनं बारीक करंट सोडला. ओल्या मातीतलं पाणी एका कडेकडून दुसरीकडे सरकतं, जाताना डिझेल ओढून नेतं. तिथून ते उपसायचं. माती ओली ठेवायचं काम गोजराबाईकडे. पोटच्या पोराला लावली नसेल एवढी माया तिनं त्या वाफ्याला लावली. कैलास तसं बोलूनही दाखवायचा.

आणि चैत्रात बाईनं घोळ घातला! पेरणीआधी वाफ्यावर शेण, पालापाचोळा पसरून राब भाजायचा, ही जन्माची सवय. राबानं माती सुधारते, मग डिझेलही जळेल, असा तिचा होरा. बटण बंद केलं, सळया चुकवल्या, काडी ओढली. पाल्याखालच्या वायरी मात्र वितळून गेल्या. तिनं कैलासला पत्ता लागू न देता अपेक्षाला फोन लावला. "पोरी, मी तुझ्या कामाचं वाटोळं केलं गं," एवढंच बोलली आणि रडायला लागली. अपेक्षा दुसऱ्या दिवशी नव्या वायरी घेऊन आली, रागावली आणि भाकरी खाऊन कामाला लागली. पण तीन आठवडे गेले ते गेलेच.

ज्येष्ठात बी पेरलं. आठव्या दिवशी एका कडेला हातभर रुंदीचा पट्टा हिरवा झाला. बाकी वाफा बोडकाच. तेवढीच माती साफ झालीय, उरलेलीला अजून वर्ष लागेल, असं अपेक्षानं सांगितलं.

गोजराबाई बांधावर बसली. एवढ्याशा पट्ट्याला उगवणं म्हणायचं का, हे तिचं तिलाच ठरवता येईना. जीव तुटत होता, पण दिलेला शब्द मोडायची तिची रीत नव्हती.

"आण तुझा कागुद," ती कैलासला म्हणाली.

कैलास उकिडवा बसून त्या रोपांवरनं हात फिरवत होता. तो उठला नाही.

"आये, उगवलंय की," तो म्हणाला. "आता कागुद कशाला?"