मांडूला आपला माल जात नाही

मांडू मी पहिल्यांदा पाहिलं ते लग्नानंतर, नवऱ्याबरोबर. सासरच्यांना हे खरं वाटेना. इंदुरात जन्मलेली, वाढलेली मुलगी, दर हिवाळ्यात वडिलांच्या मोटरसायकलवर बसून गावोगाव हिंडलेली, आणि हिने मांडू पाहिलं नाही? धारला तर आम्ही दोन-तीनदा गेलो होतो, आणि धारहून मांडू तासाभराच्या वाटेवर. मी तिथे रुसून पाहिलं, रडूनही पाहिलं. बाबा शांतपणे मफलर कानाभोवती गुंडाळत म्हणाले, "मांडूला आपला माल जात नाही, बेटा. काय करायचं तिथे?"

हे वाक्य समजायला बाबांची नोकरी समजायला हवी. ते इंदूरच्या एका कापड गिरणीत माल रवाना करण्याच्या खात्यात कारकून होते. इंदुरात गिरणीला मिलच म्हणतात, म्हणून मीही मिलच म्हणते. कापडाच्या गाठी टाट, म्हणजे गोणपाट, लावून शिवल्या की त्यांच्यावर पत्र्याचा साचा ठेवून काळ्या शाईने गावाचं नाव उमटवायचं. ते काम खरं तर हमालांचं, पण बाबांना दुसऱ्याने उमटवलेलं आवडत नसे. शाई पसरते म्हणायचे. तर सांवेर, देपालपूर, बदनावर, सोनकच्छ, कन्नौद ही सगळी गावं त्यांच्या ब्रशाखालून वर्षानुवर्षं गेली होती आणि त्यातलं एकही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. कधीतरी त्यांच्या डोक्यात आलं की जिथे आपण एवढं कापड पाठवतो ती गावं बघून यावीत. पाऊस आणि ऊन दोन्ही त्यांना सोसत नसे, तेव्हा राहिला हिवाळा.

स्वेटर ट्रंकेतून बाहेर निघाले की आमच्या जुन्या इंदुरातल्या दोन खोल्यांत चर्चा सुरू व्हायची. चर्चा म्हणजे बाबा विचारायचे, "या वर्षी कुठे जायचं अपन?" मी ओंकारेश्वर म्हणायची, पाताळपाणी म्हणायची, महेश्वर म्हणायची. ते सगळं मन लावून ऐकून घ्यायचे आणि मग म्हणायचे, "तराना कसं राहील?" आता माझा मुलगा आणि त्याचे मित्र डिसेंबर आला की रात्र-रात्र फोनवर फोटो बघून ठिकाण ठरवतात. कुठे धुकं चांगलं, कुठे धबधबा, कुठली कॉफी. मी त्यांना सांगितलं की आम्ही कापड कुठे जातं ते बघून ठिकाण ठरवायचो, तर ते माझ्याकडे दया आल्यासारखे बघत राहिले.

शाळेत माझी फार पंचाईत व्हायची. सुट्टी संपली की मुली सांगायच्या, आम्ही मांडूला गेलो, आम्ही उज्जैनला गेलो. मी सांगायची, सोनकच्छ. तिथे काय आहे? कपड्याची दुकानं आहेत. यावर काय बोलणार कोणी!

आई कधी आली नाही. तिला वाऱ्याने कानाचे ठणके लागायचे. ती अन्नपूर्णा मंदिराकडच्या एका शाळेत शिकवायची आणि सुट्टीचा तो एक दिवस घर आपल्या एकटीचं असावं असं तिला वाटत असणार, हे मला आता कळतं. ती पहाटे उठून पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी बांधून द्यायची, माझ्या स्वेटरच्या आत छातीवर जुन्या वर्तमानपत्राची घडी सरकवायची, म्हणजे गार वारा लागत नाही, आणि बाबांना म्हणायची, "जा, बघून या कोणाकोणाचे पायजमे वाळतायत."

ती चिडवायची, पण खरंच तसंच होतं. गाव आलं की स्टँडवर चहा, आणि मग पायी बाजार. बाबा मान वर करून गच्च्यांवरच्या दोऱ्या बघत चालायचे. "हा आपला," असं हळूच म्हणायचे. दुकानात शिरले की साध्या गिऱ्हाइकासारखे लठ्ठा, म्हणजे पायजम्याचं पांढरं जाड कापड, दाखवा म्हणायचे, ताग्याचं टोक उलटून मिलचा शिक्का बघायचे, बोटांत कापड चोळायचे आणि काही न घेता बाहेर पडायचे. आपण मिलमधले आहोत हे त्यांनी कुठे सांगितलं नाही. मी विचारलं होतं एकदा, सांगत का नाही म्हणून. म्हणाले, "सांगितलं तर चांगलंच बोलतील नं ते." परतीच्या वाटेवर गव्हाच्या शेतांतून जाताना ते काहीतरी गुणगुणायचे आणि मी त्यांच्या पाठीला गाल टेकून डोळे मिटून घ्यायची. इतकी सुखी मी नंतर फार थोड्या वेळा झाले.

मग मिल बंद झाली. एकदम नाही, आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग एक दिवस फाटक उघडलंच नाही. शहरात तेव्हा एकामागून एक मिला बंद पडत होत्या, आणि त्याच वेळी बाजारात नवीन माल नुसता ओतला जात होता. आमच्या गल्लीत केबलची तार आली, तयार शर्ट काचेच्या कपाटात लटकायला लागले, आणि पीथमपूरच्या कारखान्यांच्या बसेस सकाळी माणसं भरून न्यायला लागल्या. बाबा मात्र रोज धुतलेला शर्ट घालून बंद फाटकाशी जायचे. तिथे त्यांच्यासारखे बरेच उभे असायचे. दुपारी परत येऊन आईला सांगायचे, "होळीपर्यंत उघडते. पक्की खबर आहे." होळी झाली की दिवाळी. दिवाळी झाली की पुन्हा होळी. आई मान हलवायची आणि शिकवण्या वाढवायची.

दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या मामाने पीथमपूरच्या एका कारखान्यात बाबांसाठी शब्द टाकला. स्टोअर सांभाळायचं काम. मालक संक्रांतीपर्यंत थांबायला तयार होता, पुढे नाही. बाबा मामाला हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. "मिल उघडली आणि मी तिथे अडकलेलो, तर इथलं कोण बघेल?" असं म्हणाले. मामा संतापून चहा न घेता उठला. आणि संक्रांत तोंडावर आलेली असताना बाबांनी जाहीर केलं की या वर्षी कुक्षी.

कुक्षी त्यांनी नेहमी टाळलं होतं. फार लांब, घाट उतरून निमाडात जायचं, एका दिवसात जाऊन येणं जिवावर येतं. पण मिल बंद व्हायच्या आधी त्यांच्या हातून निघालेल्या शेवटच्या गाठी कुक्षीच्या होत्या. आईने मला ओट्याशी बोलावलं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि बाबांनी हौसेने मला मोटरसायकल शिकवली होती. ती म्हणाली, "तुझं ऐकतात ते. रस्त्यात नोकरीचं बोल त्यांच्याशी. ह्या वेळी 'हो' घेऊनच ये बाई, माझ्याने आता खरंच नाही होत." आईला मी कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं.

पहाटे निघालो. बेटमा मागे पडेपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते. "बाबा, मामा म्हणत होते..." मी ओरडून सुरुवात केली. "काय?" ते म्हणाले. "मामा!" "वारा फार आहे, नंतर सांग." धारला पोह्यांच्या गाडीवर मी पुन्हा तोंड उघडलं, तर म्हणाले, "खाऊन घे आधी, गार होतात." घाट उतरल्यावर ऊन लागलं, दोन्हीकडे कापसाची शेतं पांढरी झालेली, रस्त्यावर कापूस भरलेले ट्रक. मी म्हटलं, "कापूस तर चाललाय सगळा." ते म्हणाले, "गुजरातेत जातो आता." एवढंच आमचं बोलणं झालं.

कुक्षीच्या बाजारात आम्ही एका जुन्या दुकानात शिरलो. गादीवर एक म्हातारे शेठजी, आणि आत त्यांचा मुलगा, चांगला बायकापोरांचा माणूस, हिशेब करत बसलेला. बाबांनी नेहमीसारखं लठ्ठा दाखवा म्हटलं, आणि आमच्या मिलचं नाव घेतलं. शेठजींनी एक उरलेला तागा काढला. बाबांनी त्याचं टोक उलटलं, शिक्क्यावरून अंगठा फिरवला. शेठजी त्यांच्या हाताकडे बघत होते. "मिल से आए हो?" त्यांनी विचारलं.

बाबांनी मान डोलावली. पहिल्यांदाच.

शेठजी गादीवरून उठलेच. बाबांचा हात धरून त्यांना मागच्या भिंतीशी घेऊन गेले. भिंतभर कपाटं रंगीबेरंगी कापडाने गच्च भरलेली आणि मधोमध एक लांबलचक फळी रिकामी, पुसून स्वच्छ ठेवलेली. "दो साल से खाली रखी है," ते म्हणाले. "सूरतवाले चक्कर लगाते हैं, मैं मना कर देता हूँ. शादी हो कि मौत हो, गाँववाले आपका ही लठ्ठा माँगते हैं. आढ़तिया बोलता है होली तक मिल खुल जाएगी. आप तो अंदर के आदमी हो बाबूजी, आप बताओ. खुलेगी ना?"

मुलाने आतून एक सुस्कारा सोडला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. ओळख ना पाळख, पण आम्हा दोघांना एकमेकांच्या घरातलं सगळं कळलं. मला वाटलं, आता बाबा म्हणणार, होळीपर्यंत, पक्की खबर आहे. दोन वर्षं मी तेच ऐकत होते. आणि मला त्यांचा राग यायला लागला, कारण त्यांनी तसं म्हटलं तर हा म्हातारा आणखी एक वर्ष फळी पुसत बसणार, आणि बाबाही फाटकाशी उभे राहणार.

बाबांनी त्या फळीवर तळहात टेकवला. मग म्हणाले, "नहीं शेठजी. होली-वोली कुछ नहीं. मशीनों पे जंग चढ़ गई है, आधी तो कबाड़ में निकल गई, मैंने अपनी आँख से देखा है. अब नहीं खुलेगी. आप दूसरा माल भर लो."

मी हबकले. म्हणजे त्यांना माहीत होतं. भंगाराच्या गाड्या फाटकातून बाहेर पडताना त्यांनी उभं राहून बघितल्या होत्या, आणि घरी येऊन आम्हाला होळी सांगितली होती. आमच्याशी खोटं बोलणं त्यांना जमलं. गिऱ्हाइकाशी जमेना.

शेठजी परत गादीवर जाऊन बसले. त्यांनी चहा मागवला. मुलगा तेवढ्यात लगबगीने मागच्या खोलीतून सूरतचे तागे घेऊन आला, वडिलांचं मन पुन्हा बदलायच्या आत. तो ते फळीवर कसेबसे कोंबायला लागला. बाबांना बघवेना. ते चहाचा कप ठेवून उठले, त्याच्या हातून तागे घेतले आणि एकेक टोक जुळवून, घडी सरळ करून स्वतः लावले. फळी भरेपर्यंत लावले. त्यांची पाठ आमच्याकडे होती आणि मी देवाला म्हणत होते, त्यांना इतक्यात वळू देऊ नको.

परत निघताना त्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली. "तू चालव." एरवी मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ देत असत, पण त्या दिवशी घाटही मीच चढवला. ते मागे बसून होते, माझ्या खांद्यावर हात ठेवून, आणि तो हात मला फार हलका वाटत होता. मी जुळवलेली सगळी वाक्यं तशीच राहिली. ती आता काढायची माझ्यात हिंमत नव्हती. नको झालेलं मला ते 'हो'.

घाटाबिल्लोदला रस्ता फुटतो. सरळ गेलं की बेटमा आणि इंदूर. मी सरळ निघाले तर खांद्यावर बोटं दाबली गेली. "उजवीकडे घे."

उजवीकडे पीथमपूर. मी गाडी वळवली. मामाने सांगितलेल्या कारखान्याच्या फाटकाशी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती, पाळी सुटत होती, निळ्या कपड्यांतली तरुण पोरं हसत-ओरडत बसमध्ये चढत होती. बाबा उतरले. मफलर सोडून त्याची घडी केली, केसांवरून हात फिरवला आणि पहारेकऱ्याशी जाऊन बोलले. तो त्यांच्याहून कितीतरी लहान, खुर्चीतून उठला नाही. बाबा उभ्यानेच बोलत होते, मधूनमधून मान हलवत. मला जाऊन त्या पहारेकऱ्याची खुर्ची उलथून टाकावीशी वाटली.

"बस आपल्या गल्लीपर्यंत येत नाही म्हणे," परत येऊन ते म्हणाले. "चौकापर्यंत चालावं लागेल. काही नाही, तेवढं तर होतं." मग माझ्यामागे बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "आईला तू सांग हां बेटा. माझ्याने नाही होणार."

मी बरं म्हटलं. तेवढ्यासाठीच तर आईने मला पाठवलं होतं, आणि हवं होतं ते मी घेऊन घरी चालले होते. घरापर्यंत मी शब्द घोळवत आले: आई, बाबा हो म्हणाले. इतकं सोपं. दिवे लागले होते. आईने दार उघडलं, बाबांकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. आणि मला असं काही रडू फुटलं की शब्दच बाहेर येईना. आईला वाटलं, नाही म्हणाले. ती मटकन दारातच बसली. मी नुसती मान हलवत होते, आणि त्याने तिला आणखीच खात्री पटत होती.

बाबांनी बाहेर मोटरसायकल भिंतीला लावली. आत आले, तिच्याशेजारी उंबऱ्यावर टेकले, आणि शेवटी ते 'हो' त्यांचं त्यांनाच सांगावं लागलं.