पाचव्यांदा विचारेपर्यंत

अशोक गेल्याचा फोन मी पहिल्याच रिंगला उचलला. गेली काही वर्षं मी कुठलाच फोन वाजू देत नाही. घरात त्यावरून चेष्टा होते. बाबा फोनवर झडप घालतात म्हणे. का घालतात, ते मी कधी सांगितलं नाही. पलीकडं जांबोटीहून वहिनी होत्या. "भाऊजी, हे गेले... पहाटं, झोपेतच." मी "बरं" म्हणालो. माणूस गेल्याचं सांगतायत आणि मी म्हणतो, बरं! मग फोन हातात तसाच धरून या खोलीतनं त्या खोलीत फिरत राहिलो. बायकोनं बसायला सांगितलं, बसलो, पुन्हा उठलो. त्याला आता दोन महिने होत आले, पण अजून एका जागी धड बसवत नाही.

अशोक निपाणीचा. आईनं विड्या वळून शिकवलेला मुलगा. बेळगावच्या एका कॉलेजात आम्ही दोघं एकाच वर्षी कॉम्प्युटर शिकवायला लागलो. पुढं मी विभागप्रमुख झालो आणि तो मला चारचौघांत 'हेडसाहेब' आणि एरवी 'विज्या' म्हणत राहिला. एका उन्हाळी सुट्टीत भंगारात निघालेली लॅबची जुनी मशीन त्यानं अडवून धरली. "एकेकटं निकामी असंल, पण सगळी मिळून काय करत्यात बघ की," म्हणाला. खानापूर-जांबोटीच्या डोंगरात पडणारा पाऊस कुठल्या ओढ्याला किती पाणी आणेल, याचा हिशेब त्याला मांडायचा होता. एका मशीनच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं. त्यानं नकाशाचे चौकोन पाडले, मशीन वायरींनी एकमेकांना जोडली आणि प्रत्येकाला एकेक चौकोन दिला.

पोरांना समजावताना तो निपाणीच्या गल्लीत शिरायचा. "कारखान्याच्या सगळ्या विड्या कुणा एका बाईनं कधी वळल्यात काय? पान-तंबाखू घरोघर वाटायची, ज्यानं त्यानं आपापली वळायची, सांजंला गोळा करायची. झालं काम! पण आपल्यात एक भानगड हाय. विडी वळताना शेजारणीला काय इचारावं लागत न्हाय. पाण्याचं तसं न्हाय. पाऊस ह्या चौकोनात पडतोय आणि पूर त्या चौकोनात येतोय. म्हणून प्रत्येक मशीननं आपलं थोडं गणित केलं की कडंच्या शेजाऱ्याला इचारायचं, तुझ्याकडनं किती येतंय रं? आपण सीमाभागातली माणसं. शेजाऱ्याला इचारल्याबिगर भागत न्हाय, हे आपल्याला शिकवायला लागतंय व्हय?" पोरं हसायची. मागच्या बाकावर बसलेला मीसुद्धा.

त्या मशीनमधलं एक फार रडत चालायचं. कोपऱ्यातलं. सगळ्यांचं होऊन जायचं आणि बाकीची सगळी त्याच्यासाठी खोळंबायची, कारण त्याच्या कडेचं पाणी कळल्याशिवाय शेजाऱ्यांना पुढची पायरी घेता येत नव्हती. कधीकधी ते उत्तरच द्यायचं नाही. मग त्याचा चौकोन काढून दुसऱ्याला द्यायची सोय अशोकनं केली. पण त्याआधी मुख्य मशीननं त्याला विचारायचं, 'आहेस काय रं?' पडद्यावर खरोखर हेच शब्द उमटायचे. उत्तर आलं तर 'हाय'. नाही आलं तर जरा थांबून पुन्हा. असं पाच वेळा. मी वैतागलो. दोनदा पुरे की, वेळ किती जातोय! तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "उत्तर येत न्हाय म्हणजे गडी मेलाय का वाटंत अडकलाय, हे हितं बसून कळत न्हाय, विज्या. लांबनं दोन्ही सारखंच दिसतंय."

आणि मग एका पावसाळ्यात तो स्वतःच गप्प झाला. आधी वर्गात मधेच थांबायला लागला, खिडकीबाहेर बघत. मग रजा टाकून, वहिनी जिथं शाळेत शिकवायच्या त्या जांबोटीला जाऊन राहिला. त्याला मनाचा आजार झाला होता, त्यावर पुढं बरेच दिवस औषध चाललं, हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की त्याचे तास मोकळे जातायत आणि वरून मला विचारणा होतेय. मी त्याला दोनदा फोन लावला. लागला, पण उचलला नाही. मी विभागाची बैठक घेतली. त्याचे तास इतरांत वाटले, पाण्याचं काम एका नव्या सहकाऱ्याकडं दिलं. सगळ्यांनी माना हलवल्या. पुढं कुणी विषय काढला तर मी म्हणायचो, "आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं ना..."

तेच तर खोटं आहे. त्या बैठकीत टेबलावर ठेवलेला माझा फोन थरथरला होता. पडद्यावर अशोकचं नाव होतं. वाटणी निम्मी झाली होती, सोपी झाली होती. तो बोलला असता तर ती पुन्हा विस्कटली असती. मी फोन पालथा घातला आणि पुढचा तास कुणाला द्यायचा ते विचारलं. नंतरही उलटून फोन केला नाही. आज करू, उद्या करू... मग इतके दिवस गेले की करायची लाज वाटायला लागली.

दिवाळीनंतर तो आला. बारीक झाला होता, पण डोळे पुन्हा त्याचे होते. भिंतीवरचं वेळापत्रक त्यानं बोट फिरवत वाचलं. त्याचं नाव कुठल्याच चौकटीत नव्हतं.

"तास चांगले वाटलंस रं. कुणा एकट्यावर ओझं न्हाय टाकलंस."

मी म्हणालो, "तू फोन उचलत न्हवतास..."

"किती येळा लावलास?"

"दोनदा."

तो हसला. चिडून हसला असता तर बरं झालं असतं. "मशीनला मी पाच येळा इचारायला शिकवलंय की, हेडसाहेब." स्वतः केलेल्या फोनबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. मीही नाही. चहा न घेता गेला, आणि त्याच वर्षी नोकरी सोडून खानापुरात शिकवायला लागला. त्यानंतर आम्ही लग्नाकार्यांत भेटायचो आणि पावसापाण्याचं बोलायचो.

अशोकच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी जांबोटीला गेलो. माणसं पांगल्यावर वहिनी सहज बोलल्या, मनात काही न ठेवता. "तवा घरात रेंज कधी यायची, कधी न्हाय. आली तरी आजारपणात हे कुणाशीच बोलायचे न्हाईत. फकस्त एकदा, तुमचं नाव बघून उठले. भर पावसात पुलापतोर चालत गेलते, तिथं रेंज येतीया म्हणून. परत आले तर नखशिखांत भिजलेले. इचारलं, बोलला काय? तर म्हणाले, कामात असंल तो."

मी पाणी मागितलं. मग ते न पिताच उठून अंगणात गेलो. खरं काय ते वहिनींना तिथं सांगता आलं नाही. ते इथं लिहितोय. पेपरच्या ज्या पुरवणीत हे छापून येईल, ती वहिनी वाचतात.

पाण्याचं काम अजून चालू आहे. मशीन नवी आली, अशोकचा प्रोग्रॅम तोच आहे. कोपऱ्यातलं ते रडकं मशीन केव्हाच बंद पडलंय, पण यादीतून त्याचं नाव कुणी काढलेलं नव्हतं. परवा विभागात नुकताच लागलेला एक तरुण सहकारी म्हणाला, "सर, ते काढून टाकतो. दर वेळी उगीच थांबावं लागतंय." मी म्हणालो, राहू दे. काम सुरू होताना मी हल्ली लॅबमध्ये जातो. पडद्यावर 'आहेस काय रं?' उमटतं. उत्तर येत नाही. पुन्हा उमटतं. दिवसभरात तेवढाच वेळ मी एका जागी उभा असतो. पाचव्यांदा विचारून होतं, त्याचा चौकोन शेजाऱ्याकडं जातो, आणि मग मी जातो.