पॅगोड्याबाहेरच्या चपला

माझ्याकडे एक जुनं विलायती कपाट आहे. त्याच्या काळ्या दारांवर सोनेरी रंगात चीन काढलाय: पूल, पॅगोडा आणि त्यात चहा पिणारे तिघे. काढणाऱ्या साहेबानं चीन पाहिला नसावा. कुंभारीहून येणाऱ्या आमच्या पॉलिशवाल्यानंही पाहिलेला नाही, पण तो पॅगोड्याला देऊळ समजतो आणि कपाटाला हात लावण्याआधी चपला काढतो. आतल्या तिघांना तो पावणं म्हणतो. एकदा तर "च्या गार झाला की त्यांचा" म्हणत त्यानं कपांवर सोनेरी रंगानं वाफ काढली.

परवा गिऱ्हाईक कपाट न्यायला येणार होतं, म्हणून आदल्या दिवशी पॉलिशवाल्याला शेवटचा हात मारायला बोलावलं. संध्याकाळी बघतो तर पॅगोड्याच्या पायरीवर सोनेरी चपला!

"अहो, हे काय केलंत?" मी ओरडलो.

"देवळात पायतान घालून बसतंय व्हय कुणी?"

मी मोजलं. माणसं तीन, जोड चार. चौथ्या जोडाचा अंगठा तारेनं बांधलेला, थेट त्याच्या चपलेसारखा.

"आणि हा कुणाचा?"

"माजा. मी आत हाय की, खांबामागं."

मी गिऱ्हाइकाला फोन करून नको म्हणालो. आत माणूस असताना कपाट विकायचं कसं?