खोबऱ्या आंब्याचं दार

लाकडाच्या पोटातलं कानानं ऐकणारी बाई अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच होती, अन ती माझ्या नशिबी आली. आमी दोघा नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणाल तर गोरेगावच्या बाजारात जाऊन आंब्याच्या लाकडाचा एक तुकडा तोलून आणला. तेल, मीठ, चहापत्ती घेऊन झाल्यावर हिनं पिशवीतून वीतभर तुकडा काढला अन किराणावाल्याच्या तराजूत ठेवला. दर महिन्याला ठेवायची. पहिल्या खेपेला तो म्हणला होता, "मावशी, हे काय सोनं हाय का?" ही म्हणली, "सोनं असतं तर कमी झालं नसतं. हे कमी होऊन राहिलं, म्हणून तर आणलं." तेव्हापासून तो बिचारा गिऱ्हाईक थांबवून आधी हिचा तुकडा तोलायचा. त्या दिवशी सलग तिसऱ्या महिन्यात वजन तेवढंच भरलं. परत येताना जीपमध्ये ती म्हणली, "आता त्यात पाणी न्हाई राहिलं. उद्या सुताराला सांगा, दार करायला घे म्हणावं." मी म्हणलं, "उद्या हरभऱ्याला पाणी द्यायचंय, दिवसाची लाईट हाय. परवा सांगतो." तिनं मान डोलावली. तीन वर्षं थांबलेली बाई, तिला एका दिवसाचं काय, असं मला वाटलं.

तो आंबा आमच्या बांधावरचा. खोबऱ्या म्हणायचे त्याला. आपला जिल्हा नवा झाला त्या साली तो वादळात पडला. मी लाकूडवाल्याला बोलावून आणलं तर ही खोडावर चढून बसलेली, अन उतरेचना. त्या माणसादेखत मला म्हणली, "लगीन होऊन आले तवा तुमच्या घराला गोणपाट लावलेलं होतं. मग तुमी पत्र्याचं दार केलं, ते वारा आला की बोंबलतं. मला लाकडाचं दार पाहिजे. लावलं की लागलं, आवाज न्हाई." लाकूडवाला हसत निघून गेला. खोड हिंगोलीच्या आरा मशीनवर गेलं अन चिरून ट्रॉलीत फळ्या परत आल्या. हिचा बाप लाकडाची कामं करायचा, तिथं बघून बघून शिकलेली. पहिल्याच दिवशी हिनं गोठ्यातले बैल बाहेर काढले अन फळ्या आत घातल्या. बैल भिजला तर वाळतो, फळी भिजली तर वाकते, असा तिचा हिशोब. फळीवर फळी टेकू द्यायची न्हाई. मधी एकसारख्या जाडीच्या बाभळीच्या पट्ट्या, वर दगडांचं वजन, अन टोकांना शेणाचा लेप, म्हणजे टोकं आधी वाळून तडकत न्हाईत. आंब्याला भुंगा लवकर लागतो म्हणून कडुनिंबाचं तेल चोपडायची, अन मग फळीला कान लावून कितीतरी वेळ बसायची. एकदा मी विचारलं, "आत कोणी बोलून राहिलं का?" म्हणली, "व्हय. तुमच्यासारखंच हाय. खाऊन राहिलं अन कुरकुर करून राहिलं."

माझी एक चूक झाली. पोरीच्या बाळंतपणाला ही तिच्या सासरी, हट्टा गावी गेली होती. मी म्हणलं, एवढ्या फळ्यांतली एक कमी झाली तर हिला काय कळतंय. सुतार नको नको म्हणत असताना त्याच्याकडून एक पाट करून घेतला. आली तेव्हा पाट बघितला, उलटा करून कान लावला अन परत ठेवला. दोन महिन्यांत तो पाट असा पिळला की दोनच कोपरे जमिनीला लागायचे. मी चुलीत घालायला निघालो तर हिसकून घेतला अन ओसरीवर मांडला, खास पाव्हण्यांसाठी. "बसा भाऊ, आमच्या मालकांनी हौसेनं केलाय." पाव्हणा बसला की नावेत बसल्यावानी डुलायचा, बशीतला चहा मांडीवर. आमचे व्याही एकदा सांडून म्हणले, "काहून हलून राहिलं हे?" ही म्हणली, "घाईचं हाय." मी किती वेळा म्हणलं, फेक तो. म्हणायची, "राहू द्या. तुमच्यामागं तुमची आठवण म्हणून लोकांना दाखवीन."

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी हरभऱ्याला पाणी देऊन मी दुपारी घरी आलो तर ही गोठ्यात, फळ्यांना पाठ टेकून बसलेली. मी दोन हाका मारल्या. जवळ जाऊन हात लावला तवा कळलं. लोक जमले. पुतण्या हळूच म्हणला, "काका, आंब्याचं वाळकं लाकूड घरात हाय. बाहेरून काहून आणायचं? काकूच्याच हातचं हाय, तिलाच जाऊ दे." पोरगं मायेनंच बोललं. मी म्हणलं, "त्याला हात लावायचा न्हाई. ते दार हाय." "काका, दार कुठं हाय, फळ्या हाईत." मयत समोर ठेवून मी भांडलो, शिव्या दिल्या. म्हातारं चळलं, असं लोक म्हणले असतील. मग बाभळीचं लाकूड आणलं. ते अर्धं ओलं, लवकर पेटेना. ती असती तर सगळ्यांना आधी तराजूकडं पाठवलं असतं.

मी उद्या म्हणलो असतो तर दार काय एका दिवसात झालं असतं? न्हाई झालं असतं. पण सुतार येऊन चौकटीचं माप घेऊन गेला असता. बिजागरी कुठं बसवायची यावरून हिनं त्याला चार गोष्टी सुनावल्या असत्या. तेवढं तिला भेटलं असतं. हरभरा एक दिवस उन्हात उभा राहिला असता तर मेला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून गोठ्यात गेलो. पोरगी मला म्हणली, "दादा, सुतकात सुताराकडं जात असतात का? दहावा तरी होऊ द्या." मी वरचे दगड उतरवले अन सगळ्यात वरची फळी ओढली. हीच फळी ट्रॉलीतून उतरवताना एका टोकाला ती होती अन एका टोकाला मी, तरी गोठ्यापर्यंत तीनदा खाली ठेवावी लागली होती. आता वाकून खांद्यावर घेतली, तर आली. एकट्याला पेलली. सुताराच्या घरापर्यंत कुठंच टेकवावी लागली न्हाई.