पाठीवरचं पाणी

भाऊजी कुणाच्याही घरी गेले की खुर्चीवर बसण्याआधी भिंतीला तळहात लावत. चहापाणी नंतर, ओल आधी. गव्हाचं पोतं, उन्हात टाकलेली गादी, पावसाळ्यात कपाटातून काढलेले बूट, सगळ्यांवर त्यांचा हात फिरे आणि "ओल आहे" म्हटलं की घरातली माणसं साप निघाल्यासारखी दचकत. ताईशी लग्न ठरवायला आले तेव्हा त्यांनी आईचे पापडही बोटांनी दाबून पाहिले होते. आई पुढे कितीतरी वर्षं जावयापुढे पापड ठेवताना आधी स्वतः दाबून बघायची.

हा भट्टीवरचा धर्म होता. भाऊजींनी सगळी नोकरी पोलादाच्या प्लांटमध्ये, ब्लास्ट फर्नेसवर, म्हणजे लोखंड वितळवणाऱ्या भट्टीवर काढली. वितळलेलं लोखंड वाळूच्या पाटातून वाहत जातं. त्या वाळूत जराशी ओल राहिली तरी लोखंड उसळून माणसांच्या अंगावर येतं, म्हणून पाट कोरडा आहे की नाही हे बघितल्याशिवाय भट्टी उघडायची नाही. "लोखंड आगीले नाई भेत, पाण्याले भेते," असं ते सांगत. आम्ही भंडाऱ्याकडची धानाची माणसं, आमच्या घरात पाणी म्हणजे लक्ष्मी. त्या घरचा जावई पाण्याला भितो याची आम्ही बहिणी यथेच्छ टिंगल करत असू.

निवृत्त झाल्यावर ते हुडको वसाहतीत राहायला आले आणि धावायला लागले. लोक या वयात भजनाला लागतात, पत्ते कुटतात. हे उजाडायच्या बेताला घरून निघून जामुलच्या रस्त्याने लांबवर जात आणि उन्हं चढली की परतत. मी तिथून जवळच राहते, नोकरी सिविक सेंटरमधल्या बँकेत, दिवसभर बसून कंबर धरलेली. भाऊजींनी मला एकदा हटकलं, "साळीबाई, खुर्चीले मुळं फुटून राहिली तुह्या," आणि दुसऱ्या दिवसापासून मीही त्यांच्या मागे धावू लागले. पुढची काही वर्षं मी त्यांची पाठच पाहिली. जामुलकडची झाडं तिथल्या सिमेंट कारखान्याच्या धुळीने पांढरी असतात, त्या पांढऱ्या झाडांमधून ती काळी, सरळ पाठ एका लयीत पुढे जात राही. मला ते दृश्य फार आवडायचं.

मग त्यांचे पाय सुजू लागले. ताई त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेली. भाऊजींची मूत्रपिंडं बरीचशी निकामी झाली होती. पाणी जास्त झालं तर ते छातीत चढणार, कमी पडलं तर उरलीसुरली मूत्रपिंडंही जाणार, म्हणून दिवसाचं पाणी डॉक्टरांनी मापून दिलं. धावणं बंद, चालायला हरकत नाही. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी मला म्हणाले, "आयुष्यभर वाळूतली ओल पाहिली. आता माही पाहाची आहे." मी हसले नाही.

त्या दिवसापासून त्यांचा हात भिंतींकडे जायचा थांबला आणि स्वतःच्या पायाकडे वळला. सकाळी बूट घालण्याआधी ते पायरीवर बसत, नडगीवर अंगठा दाबून धरत, मग उचलत. तिथे खड्डा पडलेला असे, अंगात पाणी जितकं साठलेलं तितका तो उशिरा भरे. तो खड्डा भरून येईपर्यंत ते वाट बघत आणि भरला की उठत. "भरला. चाल." आम्हीही दारात उभ्या राहून त्या खड्ड्याकडे बघत असू. सुरुवातीला तो चटकन भरायचा. नंतर नंतर मला तिथे उभं राहवत नसे, मी फाटकापाशी जाऊन थांबायची.

धावणं त्यांनी सोडलं नाही. ताई रडली, भांडली, दोन दिवस जेवली नाही. शेवटी तिने एक अट घातली. सकाळचं पाणी ती स्वतःच्या हाताने मापून देईल आणि परत येईपर्यंत त्यापलीकडे थेंबही घ्यायचा नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "मी नाई अडवू शकत त्याइले. तू सोबत राय." मी हो म्हटलं. नाही म्हणून सांगते कुणाला.

आता प्रश्न आला, हे पाणी न्यायचं कसं. आधी त्यांनी बाटली हातात धरून पाहिली. चार पावलं झाली की हात आपसूक तोंडाकडे जाई, निम्मा रस्ता व्हायच्या आत बाटली रिकामी आणि परतीला ओठ पांढरे. मग त्यांच्या मुलीने पुण्याहून कमरेचा पट्टा पाठवला, त्यात दोन लहान बाटल्या खोचायच्या. ते पाणी पावलागणिक डुचमळायचं आणि तो आवाज ऐकून त्यांची तहान वाढायची. "कानापाशी कोनी पानी पिऊन राहिलं असं वाटते," म्हणाले आणि पट्टा काढून खुंटीला टांगला. नंतर आली नळीची पिशवी, आपल्याकडची धावणारी पोरं हल्ली पाठीला लावतात ती. नळी तोंडाशीच, चोखली की पाणी. पण किती प्यालं आणि किती उरलं हे पाठीमागे कळत नाही. मापापुरतंच पिईन म्हणून त्यांनी ती एकदाच पूर्ण भरून नेली. घरी आल्यावर रिकामी पिशवी बघून ताईचा चेहरा उतरला, त्या रात्री भाऊजींना आडवं झोपता आलं नाही. भिंतीला टेकून, तोंड उघडं ठेवून ते श्वास घेत बसले होते. ताईने मला फोन केला नाही, सकाळी सांगितलं.

यानंतर एक दिवस ते जामुलच्या रस्त्यावरच्या दुकानातून छागल घेऊन आले. ट्रकवाल्यांना दोरखंड, ताडपत्र्या विकणारं दुकान. छागल म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी, पूर्वी ट्रकच्या समोर लटकलेली दिसायची. कापड पाझरतं, वारा लागतो आणि आतलं पाणी गार होतं. आयुष्यभर ओलीला भिणाऱ्या माणसाने शेवटी पाझरणारीच वस्तू निवडावी, याची मला गंमतही वाटली आणि भीतीही. त्यांनी तिला खांद्यावर घ्यायचे पट्टे शिवून घेतले, ताईने रात्रभर भिजवून कापड फुगवलं, सकाळी मापाचं पाणी भरलं. मी म्हटलं, आणा, तुमच्या पाठीला बांधते. ते म्हणाले, "माह्या नाई. तुह्या."

मला कळेना. त्यांनी पट्टे माझ्या खांद्यांवर चढवले, स्वतःच्या हाताने घट्ट केले. "बाटली बदलून फायदा नाई. हात माहाच राह्यते ना. मी मागीन, तू देशीन. तुले वाटलं नाई द्यावं, तर नोको देऊ."

तेव्हापासून भाऊजींचं पाणी माझ्या पाठीवर होतं. आता पुढे मी आणि मागे ते, म्हणजे पिशवी त्यांच्या नजरेसमोर. ते हाक मारत, मी थांबे, लाकडी बूच काढून सोबत घेतलेल्या डब्याच्या झाकणात दोन घोट ओतून देई आणि ते तोंडात घोळवून घोळवून गिळत. कधी आणखी मागत. मी हिशेबाने नाही म्हणे, तर मान हलवून निघत, कधी रागावले नाहीत. मी मात्र मनातल्या मनात डॉक्टरवर, ताईवर, स्वतःवर चिडे. माझी पाठ गार असायची आणि मागून त्यांच्या सुकलेल्या घशाचा आवाज येत राहायचा. ऊन वाढत चाललं होतं. त्यांची पावलं जड पडू लागली होती, हे मला न बघता ऐकू येत होतं. ताई म्हणायची की पाझरून इतकं पाणी वाया जातं, मग त्यांना उरतं काय. यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "वाया कोठी, साळीबाईची पाठ गार झाली ना."

होळी होऊन गेली होती. त्या सकाळी पायरीवर त्यांनी अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. त्यांनी जरा वाट पाहिली, मग पायमोजा वर ओढून घेतला. "चाल," म्हणाले, नेहमीचं "भरला" मात्र म्हणाले नाहीत. मी ताईकडे पाहिलं. ती पिशवी भरत होती, तिचं लक्ष नव्हतं.

निम्म्या रस्त्यापर्यंत त्यांनी हाक मारली नाही. पांढरी झाडं लागली तरी नाही. वळणावर मीच थांबले, बूच काढलं, झाकण पुढे केलं. त्यांनी ते हलक्या हाताने परत माझ्याकडे सारलं.

"आज तहान नाई."

इतके दिवस मी त्यांच्या मागण्याला भीत होते. ते मागणार नाहीत याची भीती मला कधी सुचलीच नव्हती. मी म्हटलं, एक घोट तरी घ्या भाऊजी, माझ्यासाठी घ्या. ते हसले आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसले. तिथून आम्ही रिक्षाने परत आलो. दारात ताईने माझ्या खांद्यावरून पिशवी उतरवून घेतली आणि ती जड लागताच तिथेच थबकली. पिशवी पोटाशी धरून ती किती वेळ उभी होती, मला सांगता येणार नाही.

पुढे दवाखाना, रक्त धुणारं यंत्र, ओठांवर टेकवलेला ओला कापूस. जांभळं पिकायच्या आत भाऊजी गेले. अखेरच्या दिवसात शुद्ध कमी होती, पण हात चादरीवरून फिरत असे, चाचपडत, दाबत. नर्सला वाटे त्यांना काही हवंय. आम्हाला ठाऊक होतं ते काय बघत आहेत.

तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईकडे गेले. सहज, ती काय करते ते बघायला. ती नळाखाली छागल धरून बसली होती. पिशवी फुगत गेली, काठोकाठ आली, पाणी तिच्या मनगटांवरून वाहू लागलं तेव्हा कुठे तिने नळ बंद केला. मला वळवून पट्टे खांद्यांवर चढवले. एवढं वजन मी कधी उचललं नव्हतं.

"जाय," ती म्हणाली. "आज मोजलं नाई."

मी जामुलच्या रस्त्याला लागले. पुढे कुणाची पाठ नव्हती, मागे कुणाची पावलं नव्हती. वळणावर त्या दगडाशी थांबून मी बूच काढलं. इतके महिने ते पाणी वाहिलं, पण त्यातला घोट मी कधी घेतला नव्हता, ते मापाचं होतं आणि त्यांचं होतं. मी झाकणाऐवजी पिशवीच तोंडाला लावली. पाणी गारेगार होतं, त्याला कापडाचा वास होता. मी पोट भरेपर्यंत प्याले, आणि तरी ते उरलं.